आवाजपेढीतला झाडू

१

शिवणकाम करणाऱ्या बाईंचा आवाज सकाळी जागेवर नव्हता.

जागा म्हणजे आवाजपेढीतली एक डिस्क. घशाचं ऑपरेशन ठरलं आणि त्यात आवाज जाणार हे नक्की झालं, की माणसं या पेढीत येत. काचेच्या खोलीत बसून वाक्यांमागून वाक्यं वाचत. पुढे त्या रेकॉर्डिंगवरून त्यांचा आवाज तयार केला जाई, आणि मग त्यांनी टाइप केलेलं एक छोटं यंत्र त्यांच्याच आवाजात बोलून दाखवी. शिवणवाल्या बाईंनी सगळी वाक्यं वाचली होती. ऑपरेशन पार पडलं, जखम भरायला फार वेळ गेला, आणि आवाज तयार करायचा दिवस उजाडला तर फोल्डरच गायब. पुन्हा रेकॉर्ड करू या म्हणायची सोय नव्हती. वाचायला बाईंकडे आता आवाज नव्हता.

दुसरी प्रत नव्हती. आवाज तयार झाल्यावर प्रत काढायची, असा पेढीचा नियम होता. तो कोणी केला असं विचारल्यावर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

मुख्य कार्यालयाने तपासनीस पाठवली. पाठीमागे लोक तिला ‘खोदकाम’ म्हणत, आणि ते तिच्या कानावर आलं होतं. तिला त्यात वावगं काही वाटत नसे. खोदल्याशिवाय पाणी लागत नाही, एवढंच तिचं म्हणणं. ती थेट ऑपरेटरच्या खोलीत गेली आणि खुर्ची ओढून बसली.

“मी काही पुसलं नाही,” ऑपरेटर म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण बोलणं सरळ होतं.

“काय केलंत ते सांगा.”

“झाडू मारला.”

झाडू हे पेढीतल्या एका जुन्या प्रोग्रॅमचं नाव. बरेच दिवस कोणी हात न लावलेल्या फाइल शोधायच्या आणि साफ करायच्या, हे त्याचं काम. कमांड टाइप करायची, फोल्डर सांगायचं, आणि शेवटी हवे ते ऑप्शन जोडायचे.

“पण नुसता नाही मारला हो. शेवटी ‘फक्त दाखव’ लिहिलं. ते लिहिलं की झाडू कशालाही हात लावत नाही. काय काय साफ झालं असतं, तेवढं सांगतो. मी नेहमी आधी बघते, कामाचं दिसेल ते बाजूला काढते, आणि मगच खरा झाडू मारते. आज बाईंचं नाव दिसलं. बाजूला काढायला गेले, तर तिथे काहीच नाही.”

पडद्यावर ती कमांड अजून तशीच होती, आणि तिच्या शेवटी ‘फक्त दाखव’ ठळक दिसत होतं. तपासनीसाने खात्री करून घेतली. त्या सकाळी मशीनवर दुसरं कोणी आलंच नव्हतं, दुसरी कमांड चालली नव्हती. म्हणजे खोली आतून बंद, आत एकच माणूस, आणि त्याच्या हातातली सुरी लाकडाची.

“साहेबांनी माझ्या निलंबनाचं पत्र तयार ठेवलंय,” ऑपरेटर म्हणाली. “ते मी घेईन. पण बाईंच्या घरी सांगायला मला पाठवू नका. त्यांच्या मिस्टरांना तुम्ही पाहिलं नाहीये.”

२

बाईंचे मिस्टर दारात बसून वेताची खुर्ची विणत होते. बोटं भराभर चालली होती आणि डोळे समोरच्या भिंतीवर स्थिर होते. तपासनीस उंबऱ्याशी आली तरी ते हलले नाहीत. पाऊल वाजल्यावर मात्र मान वळली.

“कोण?”

खिडकीजवळ शिलाई मशीनवर बसलेल्या बाईंनी मांडीवरच्या यंत्रावर काहीतरी टाइप केलं. यंत्र एका अगदी शुद्ध, गुळगुळीत, परक्या आवाजात म्हणालं, “पेढीतून आल्या आहेत. बसा.”

“ही पाहुणी,” नवरा हसून म्हणाला. “आमच्याकडे मुक्काम ठोकून बसलीये. तुम्ही हिला न्यायला आलात ना?”

तपासनीस आत येऊन बसली.

“बघा, मला दिसत नाही आणि हिला बोलता येत नाही,” तो पुढे म्हणाला. “बाकीची माणसं पाटीवर लिहून भागवतात. मला पाटी काय कामाची? हात हातात घेतला की कळतं, ही आहे. पण आतून हाक आली की वाटतं, कोण ही बाई माझ्या घरात? मी ओ देतच नाही. मग ही चिडते. चिडली तरी आवाज पाहुणीचाच! भांडायची सुद्धा चोरी.”

बाई हसल्या. हसण्याला आवाज नव्हता. त्यांनी तपासनीसाकडे पाहिलं, आणि त्या नजरेतला प्रश्न स्पष्ट होता. तपासनीसाने सांगून टाकलं. रेकॉर्डिंग सापडत नाहीये, शोध चालू आहे. बाईंनी मशीनवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग यंत्र म्हणालं, “दुधाखालचा गॅस बंद करा.”

“हो हो,” नवरा म्हणाला. बोटं थांबली नाहीत. “शोध चालू आहे म्हणजे मिळेलच ना?”

तपासनीस काहीतरी गोलमोल बोलत होती, तेवढ्यात जळक्या दुधाचा वास आला. बाई टाळी वाजवत आत धावल्या.

“गेलं वाटतं उतू,” नवरा ओशाळून म्हणाला. “मला सांगितलं होतं का? लग्न झाल्यापासून माझी हीच खोड. हो म्हटलं की समोरचं माणूस निश्चिंत होतं. ऐकलं असेलच असं नाही.”

तपासनीस उठली. तिच्या मनाला काहीतरी टोचून गेलं होतं, पण काय ते हाती लागेना. फाटकाशी पोचते तोच फोन वाजला.

“मॅडम, तुमचं खोदकाम आटपतं घ्या,” पेढीचे साहेब म्हणाले. “आज दुपारी जुनी डिस्क कोरी करून परत पाठवायचीये.”

३

“कारण द्या, थांबवतो,” साहेब म्हणाले. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचं रोप होतं, आणि ते बोलता बोलता त्याची पानं फडक्याने पुसत होते. “डिस्क भाड्याची आहे. कंपनीचा माणूस ती न्यायला निघालाय. जुनीवरचं कामाचं सगळं काल नवीवर उतरवून झालंय, फक्त या बाईंचं राहिलं. आणि ते तर गेलंच!”

“गेलेलं परत काढता येतं कधी कधी.”

“प्रोग्रामरला विचारलं मी. तो म्हणाला, डिस्क गळ्यापर्यंत भरलेली, पुसलेल्या जागेवर लगेच दुसरं काही लिहिलं जातं. आशा नाही.” साहेबांनी एक पान उलटं करून पुसलं. “या डिस्कने माझा जीव खाल्लाय. पूर्वी असं नव्हतं. जुने प्रोग्रामर होते तोवर कशी मोकळी असायची. ते निवृत्त झाले आणि ही फुगायला लागली. त्यांचे जावई त्यांच्या जागी आले, त्यांनी नवा झाडू केला. नवा झाडू तर काही झाडेचना!”

“झाडेचना म्हणजे?”

“रोज रात्री, रेकॉर्डिंग सोडून बाकीच्या फोल्डरवर आपोआप चालणाऱ्या कमांड होत्या. त्या चालायच्या, यादी दाखवायच्या, आणि गप्प. जावईबुवा म्हणाले, नवा झाडू सुरक्षित आहे, ‘खरंच झाड’ असं सांगितल्याशिवाय तो हलत नाही. मी म्हटलं, मला तुमची सुरक्षितता नको, पूर्वीसारखं चालू द्या. मग त्यांनी त्या मशीनवर ‘जुनी रीत’ का काय ते चालू करून दिलं. अगदी परवा.”

“मग डिस्क मोकळी झाली असेल.”

“कसली मोकळी! आज सकाळी त्या बयेने एवढं सगळं साफ केलं, तरी जागा जराही वाढली नाही. आवाजही गेला आणि जागाही नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.”

तपासनीस दाराकडे निघाली होती. ती थबकली, पण वळली नाही. साहेबांना स्वतःचं बोलणं ऐकायची सवय नव्हती, आणि ते तिच्या पथ्यावर पडलं.

“प्रोग्रामर कुठे बसतात?” तिने विचारलं.

४

प्रोग्रामरच्या टेबलावर धूळ औषधालाही नव्हती. तो जपून बोलणारा, नीटनेटका माणूस होता. पेढीत सगळे त्याला ‘जावईबापू’ म्हणत, कारण झाडू मुळात सासऱ्यांनी लिहिला होता, आणि मुलीबरोबर तोही जणू जावयाच्या पदरात घातला होता.

“सासऱ्यांची एकही कमांड मी मोडली नाही,” तो म्हणाला, आणि त्यात खरा अभिमान होता. “लोकांच्या हाताला सवयी असतात मॅडम. नवं करताना पहिला नियम तोच. काल चाललेली कमांड आज अडता कामा नये. त्यांनी दिलेला प्रत्येक ऑप्शन माझा झाडू घेतो. कुठेही चूक दाखवत नाही, कुठेही थांबत नाही.”

“‘फक्त दाखव’ सुद्धा?”

“घेतो की.”

“घेतो म्हणजे काय करतो?”

“तसं करायचं काही उरलं नाही. जुना झाडू सांगितल्याबरोबर झाडायचा, म्हणून त्याला अडवायला ‘फक्त दाखव’ लागायचं. नवा मुळातच फक्त दाखवतो. मग तो ऑप्शन बिनकामाचा झाला. पण काढून टाकला असता, तर ऑपरेटरताईंची कमांड अडली असती. म्हणून ठेवला. लिहिला तर हरकत नाही, झाडू मुकाट्याने घेतो.”

“आणि ‘जुनी रीत’?”

“ती साहेबांसाठी. सासऱ्यांचा मूळ कोड मी हातही न लावता आत ठेवला होता, अडीअडचणीला असावा म्हणून. जुनी रीत चालू केली की काम तो करतो. ऑप्शन तेवढे माझाच नवा भाग वाचतो. दोन्ही तपासून मगच दिलं मी.” तो खुर्चीत मागे टेकला. “मॅडम, स्पष्ट बोलतो. ताईंनी ‘फक्त दाखव’ लिहिलं असेल, तर फाइल जाणं शक्यच नाही. त्यांनी कमांड नंतर बदलून दाखवली असणार.”

ऑपरेटरच्या निलंबनाचं पत्र आता पक्कं होत आलं होतं. आणि तपासनीसाला एकाएकी जळक्या दुधाचा वास आठवला.

५

“तुमचं एखादं जुनं, निरुपयोगी फोल्डर आहे का त्या मशीनवर?” तिने विचारलं.

“आहे. का?”

“चला.”

ऑपरेटरच्या खोलीत ती, प्रोग्रामर आणि ऑपरेटर असे तिघं एका पडद्यासमोर उभे राहिले. मागून साहेबही आले, हातात फडकं तसंच. तपासनीसाने प्रोग्रामरला त्याच्याच फोल्डरवर झाडू चालवायला सांगितलं. “शेवटी ‘फक्त दाखव’ लिहा. तुमच्या हाताने.”

त्याने लिहिलं आणि बटण दाबलं. साफ झाल्या असत्या त्या फाइलींची नावं ओळीने पडद्यावर आली.

“बघितलंत? दाखवलं, आणि थांबला.”

“आता फोल्डर उघडा.”

त्याने उघडलं. आत काही नव्हतं.

ऑपरेटरने तोंडावर पदर धरला. प्रोग्रामरने तेच फोल्डर पुन्हा उघडून पाहिलं. हरवलेली किल्ली रिकाम्या खिशात माणूस पुन्हा शोधतो, तसं ते होतं.

“मी हे तपासलं होतं,” तो म्हणाला.

“‘फक्त दाखव’ तपासलंत तेव्हा जुनी रीत चालू होती?”

“नाही. तेव्हा ती बंद होती.”

“आणि जुनी रीत तपासलीत, तेव्हा ‘फक्त दाखव’ लिहून बघितलं होतंत?”

त्याने नकारार्थी मान हलवली. तपासनीस खुर्चीवर बसली. आता घाई होती, पण तिला आवाज चढवायची सवय नव्हती.

“तुमच्या झाडूच्या दारात एक नवा माणूस बसलाय. येईल ती चिठ्ठी तो घेतो. ताईंनी चिठ्ठी दिली, ‘फक्त दाखव’. तो म्हणाला हो, आणि चिठ्ठी टाकून दिली, कारण त्याला पक्कं ठाऊक की आत झाडणारं कोणी नाहीच. एवढ्यात काही बिघडलं नसतं. पण परवा तुम्ही आत सासऱ्यांच्या वेळचा झाडणारा पुन्हा आणून बसवलात. त्याला चिठ्ठी मिळालीच नाही. चिठ्ठी नाही म्हणजे झाड, हे त्याचं जुनं शिक्षण. त्याने झाडलं, आणि झाडता झाडता नावंही सांगितली, पूर्वी सांगायचा तशीच. ताईंना वाटलं, दाखवतोय.”

“म्हणजे चूक यांची!” साहेब म्हणाले.

“दोन्ही वेळा यांनी चांगलंच करायला पाहिलं. एकदा ताईंची सवय सांभाळली, एकदा तुमची. दोन्ही चांगुलपणे एकत्र कधी तपासले नाहीत. आणि न ऐकता हो म्हणायची खोड झाडूला लावली. ‘हे मी आता पाळत नाही’ असं तो फटकन म्हणाला असता, तर ताई वैतागल्या असत्या, तुम्हाला फोन केला असता, आणि आवाज जागेवर राहिला असता.”

प्रोग्रामरचा चेहरा उतरला. “शोध लागला,” तो हळू म्हणाला. “पण आवाज तर गेलाच.”

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. साहेबांनी खिडकीतून वाकून पाहिलं. “आला कंपनीचा माणूस.”

६

“साहेब,” तपासनीस म्हणाली, “साफ करूनही जागा वाढली नाही, असं म्हणालात ना?”

“म्हणालो. मग?”

“घरातलं सामान बाहेर गेलं तर घर मोकळं दिसायला हवं. नाही दिसत, म्हणजे सामान घरातच आहे. जावईबापू, सासऱ्यांना फोन लावा.”

सासरे फोनवर यायला वेळ लागला. ते गच्चीत टाकी धूत होते. जावई चाचरत विचारू लागला, “बाबा, तुमचा झाडू फाइल पुसायचा ना?”

“पुसायचा?” पलीकडून खणखणीत आवाज आला. “झाडू कधी काही फेकतो का, जावईबापू? झाडू कोपऱ्यात लोटतो. फेकायला सुपली लागते.”

“सुपली?”

“तो वेगळा प्रोग्रॅम होता. मी स्वतः दर आठवड्याला कोपरा बघायचो, चुकून काही आलं असेल तर परत ठेवायचो, मग सुपलीने उचलायचो. ते माझ्या खात्यात होतं. निवृत्त झालो, तुम्ही लोकांनी खातं बंद केलं. मला वाटलं, तुम्ही काहीतरी व्यवस्था केली असेल. मी सांगितलं होतं की तुम्हाला, निरोपाच्या दिवशी.”

जावयाने डोळे मिटले. “हो,” तो म्हणाला. “मी हो म्हटलं होतं.”

साहेबांच्या हातातलं फडकं टेबलावर पडलं. डिस्क इतके दिवस का फुगत होती, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. पण विचार करायला ते थांबले नाहीत. त्यांच्या देहाकडे पाहून कोणाला वाटलं नसतं अशा चपळाईने ते जिन्यावरून खाली धावले. “थांबा! कोणी हात लावू नका!” अशा त्यांच्या आरोळ्या मजल्यामजल्याला ऐकू येत होत्या.

वर सासरे फोनवरून रस्ता सांगत गेले आणि जावई टाइप करत गेला. कोपरा एका लपलेल्या फोल्डरमध्ये होता. त्यात पेढीचा कितीतरी दिवसांचा केर साठला होता, आणि जावईबापूंच्या आत्ताच लोटलेल्या फोल्डरच्या लगेच खाली, सकाळी लोटलेलं, शिवणवाल्या बाईंचं फोल्डर होतं.

“उघडून ऐका,” तपासनीस म्हणाली.

ऑपरेटरने एक फाइल लावली. जरा खरखरीत, ठसक्यातला आवाज खोलीभर झाला. बाई वाक्य वाचत होत्या, ‘कापड आधी भिजवून घ्यावे’, आणि मध्येच थांबून कोणाला तरी म्हणत होत्या, ‘अहो, पाणी द्या जरा.’ ऑपरेटर हुंदके देऊन रडली. तिला कोणी थांबवलं नाही. तपासनीसालाही भरून आलं होतं, म्हणून ती खिडकीशी जाऊन गाडी बघत उभी राहिली.

निलंबनाचं पत्र साहेबांनी फाडलं. प्रोग्रामरने त्याच दिवशी झाडूच्या दारातला माणूस बदलला. जुना ऑप्शन आला की तो आता सरळ सांगतो, ‘हे मी पाळू शकत नाही, म्हणून काहीच करत नाही’, आणि थांबतो. पेढीतले लोक त्यावर कुरकुरतात. सासऱ्यांनी मात्र ऐकून एवढंच म्हटलं, “आता माणसात आला.”

७

आवाज तयार झाल्यावर तो द्यायला तपासनीस स्वतः गेली. हे तिच्या कामात बसत नव्हतं.

नवरा दारात विणत होता. खुर्ची दुसरी होती, डोळे त्याच भिंतीवर. तपासनीसाने काही न बोलता बाईंच्या हातात यंत्र दिलं. बाई ते घेऊन आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, गॅस पेटला. मग बराच वेळ काहीच नाही. पहिलं काय बोलावं, हे बहुधा ठरत नसावं.

“गॅस बंद करा,” आतून आवाज आला. खरखरीत, ठसक्यातला.

“हो,” नवरा सवयीने म्हणाला.

आणि त्याची बोटं थांबली. वेताची पट्टी हातातून सुटून परत सरळ झाली. त्याने मान आवाजाच्या दिशेने वळवली आणि तशीच ठेवली.

बाई दारात आल्या होत्या. त्यांनी टाइप केलं, आणि त्यांचा आवाज म्हणाला, “हो म्हणू नका. काय सांगितलं ते परत सांगा.”

नवऱ्याने त्याचा शब्द न् शब्द ऐकला होता. तो चाचपडत उठला, भिंतीला हात लावून उभा राहिला.

“नाही ऐकलं,” तो म्हणाला. “परत सांग.”

बाईंनी परत सांगितलं.

“नाही ऐकलं.”

त्यांनी परत सांगितलं. आत दूध वर येत होतं. त्या दोघांपैकी कोणी तिकडे जाईल असं दिसेना, तेव्हा तपासनीस उठली आणि आत जाऊन तिनेच गॅस बंद केला.